पुष्पक विमानाचं पोट

२४ ऑगस्ट, रवि.
आज पुन्हा डोकं फिरलं. जुन्या खेळण्यांच्या ग्रुपवर आपल्या यानाचे फोटो टाकले. लहानपणी टीव्हीवर ती अंतराळातली मालिका लागायची, त्यातल्या यानाची ही देशी नक्कल. बाबांनी जुनी इंदूर भागातल्या आपल्या शेडमध्ये काढलेली, डाय म्हणजे साचासुद्धा स्वतः कोरलेला. तर ग्रुपचे चोप्राजी म्हणतात, "मॅडमजी, ये दिल्ली का माल है. इंदौर में कौन बनाता था?"
कौन म्हणजे? माझा बाप बनवायचा.

२६, मंगळ.
चोप्राजी हटायलाच तयार नाहीत. पंख सेम, खिडक्या सेम. दिल्लीच्या मालाला पोटाखाली तारा असतो म्हणे, "आप पेट दिखाइए."
बाबा सांगायचे, त्यांनी पोटाखाली 'श्री' घातलाय. डायमध्ये उलटा कोरायचा, मग प्लास्टिकवर सुलटा उमटतो. पण दाखवू काय, कपाळ. महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी आईनं कधीच त्याचं पुष्पक विमान करून टाकलंय. खालून-वरून सोनेरी ऑइलपेंट, जाड थर.

२८, गुरु.
राऊचं कॉलेज सुटल्यावर घरी येताना रंग उतरवायला थिनर आणलं. आई बाटली बघूनच समजली.
"विमानाला हात लावायचा नाही. महालक्ष्म्या बसायच्यात."
"फक्त पोट खरवडते गं."
"त्या चोप्राला म्हणावं, आधी आरतीला ये."
हिला काय सांगू. बाबा गेले, शेड विकली, डाय भंगारात गेली. बाबांच्या बाजूनं बोलणारं हे एकच उरलंय.

१ सप्टें., सोम.
पूजा झाली. पुरण छान झालं होतं. काका पानावर बसल्या बसल्या आराशीकडे बघून म्हणाले, "वा, दादाचं दिल्लीवालं विमान." त्यांचं पहिल्यापासून तेच, की बाबा माल दिल्लीहून आणायचे आणि स्वतःचा म्हणून विकायचे. सणाचा दिवस म्हणून त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. संताप संताप झाला. उद्या विसर्जन, मग बघतेच

२ सप्टें., मंगळ.
मुखवटे पेटीत गेले. आईनं आपण होऊन विमान हातात दिलं. "घे, खरवड आता."
वर्तमानपत्र पसरलं, चिंधी घेतली. आई आराशीचे दिवे गुंडाळत होती. सहज म्हणाली, "मी नुसतं वरून रंगवणार होते. खाली कोण बघतंय. तुझे बाबाच म्हणाले, पोट पण रंगव. आणि रंगवेपर्यंत शेजारी उभे होते."
स्वतः कोरलेल्या 'श्री'वर कुणी रंग फासायला लावतं का? बाबांना अर्धवट काम चालायचं नाही, हेही खरं. पाटाची मागची बाजूसुद्धा घासायला लावायचे. पण मग
बाटलीचं सील तसंच आहे. विमान पोट खाली करून ठेवलंय.
आत्ता चोप्राजींचा मेसेज. "मॅडमजी, पेट का फोटो? तारा है ना?"
लिहिलं, अभी रंग गीला है.