मानेतली नस आणि माझी पूर्वतयारी

सोमवार, ३ फेब्रुवारी
नववीच्या वर्गात ‘राजन्’ शब्द चालवताना तृतीयेपाशी खडू पडला. उजवी बोटं वळेनात, तोंडून शब्द फुटेना. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. वर्ग मात्र चिडीचूप. एवढी शांतता मी ओरडून कधी मिळवली नव्हती. निदान : रिकाम्या पोटी दोन तास सलग.

संध्या. ६
हिने डॉक्टरांकडे पिटाळलंच. त्यांच्या मते मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली नस आतून चरबीच्या थराने भरत आली असावी; तुकडा सुटून वर गेला की पक्षाघात. मानेची सोनोग्राफी आजच करा म्हणाले. सज्जन गृहस्थ, पण घाईचे. अभ्यासाशिवाय परीक्षेला बसू नये, हे मी तीस वर्षं मुलांना सांगतोय. पंधरा दिवस चालणार, तळलेलं बंद, मगच तपासणी. हिला सांगितलं, सवडीने करा म्हणालेत.

बुधवार, ५
चाळीस मिनिटं चाललो. पैकी पंधरा बाकावर. पण धाप चालू होती, तेव्हा धरायला हरकत नाही. भाचीकडे तळलेलं खाल्लं. आग्रहाचं मोजू नये.

शुक्रवार, ७. सकाळी ७
शर्टाची बटणं लागेनात. इस्त्रीवाल्याने काजं आवळून ठेवलीत. हिने लावून दिली. म्हणाली, हा शर्ट इस्त्रीला कधी गेलाच नाही.

शनिवार, ८
हिने परस्पर डॉक्टरांना फोन केला. घरभेदीपणा! ते म्हणाले, मास्तरांना सांगा, नस घोकून सुधारत नसते. मग ही माझ्याकडे वळली. म्हणाली, अहो, नापास झालात तर मी आहे. कायमचे गैरहजर राहिलात तर मी कुणाकडे बघू?
गेलो. केवळ हिच्या समाधानासाठी.
मानेवर गार जेल. तपासणारी मुलगी म्हणाली, काका, बोलू नका, गिळूही नका. मशीनमधून माझ्याच रक्ताचा सूं सूं आवाज. उजव्या बाजूला तिच्या गप्पा चालल्या होत्या. डावीकडे आली आणि गप्प झाली. मोठ्या मॅडमना बोलावून आणलं. इतकी नमुनेदार नस रोज बघायला मिळत नसावी.

दुपारी ४
डावी नस ऐंशी टक्के बंद. थर मऊ, वरून फाटलेला. इथेच भरती, सोमवारी ऑपरेशन. उजवी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. चालण्याचा गुण! आणखी दहा दिवस मिळते तर डावीही आणली असती वळणावर. सर्जनना तसं सुचवलं. ते हिच्याकडे बघत राहिले.

रविवार, ९. वॉर्ड
डाव्या हाताने लिहितोय. सराव असावा.
संमतीपत्रावर सही हवी होती. पेन निसटलं. नर्सला म्हटलं, खराब आहे. तिने दुसरं दिलं. तेही खराब. हिने पर्समधलं स्वतःचं दिलं. तेही.
मग नर्स शाईचं पॅड घेऊन आली.