आवाज देऊन यावं

मोहाडी, ता. १२ फेब्रुवारी २०२३

चि. प्रतिक्षा हिस मामाचा जयभीम व अ. उ. आ.

काल आंधळगावला आनंदाबाईकडे, म्हणजे तुझ्या मातोश्रींकडे, जाऊन आलो. पायाची सूज उतरली आहे. जिव्हेला इजा झालेलीच नव्हती. त्या दिवशी पाय मुरगळून ती घरात एकटी तासभर पडून राहिली, म्हणून तू तिथे कॅमेरा लावलास. तिने त्यावर टॉवेल टाकला आहे. कारण विचारले तर म्हणाली, आपल्या इथं माणूस फाटकातून आवाज देते, मंग आत येते. हा न बोलता येऊन राहिला, अन् याच्यासंगं कोन कोन येते, मले काय मालूम.

मी सांगितले, पोरीने वर्षभराचे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा झाकलेला रस्ता, विकत घेतले आहे, आता कोणी पाहत नाही. त्यावर तिने विचारले, मंग ते विकनारा पाह्यते का? पंचवीस वर्षे संस्कृत शिकवले, पण हा प्रश्न तुझ्याकडेच पाठवतो. टॉवेल काढला नाही; तो अधिकार माझा नव्हे.

लोभ आहेच, फक्त उत्तर पाठव.
तेजराममामा

बेंगळुरू, ता. २० फेब्रुवारी

ती. मामांस सा. जयभीम वि. वि.

आईचा प्रश्न बरोबर आहे. विकतचे व्हीपीएन माझ्या फोनपासून ते विकणाऱ्या कंपनीपर्यंतचाच रस्ता झाकते. कॅमेऱ्याचे चित्र तरीही कॅमेरावाल्यांच्या संगणकावरून फिरूनच मला दिसते. मी भलत्याच दाराला कुलूप लावले.

सोबत साबणदाणीएवढी पेटी पाठवते. आईकडच्या इंटरनेटला जोडली की व्हीपीएन आपल्याच घरात चालेल आणि मी थेट तिथे येईन. चित्र बाहेर कुठे साठणार नाही. राखण मात्र आपली. बंद पडली तर तक्रार ऐकायला कंपनी नाही, तुम्ही आहात. किल्ली, म्हणजे सांकेतिक शब्द, चिठ्ठीवर लिहिली आहे. ती फोनवर पाठवायची नव्हती, म्हणून हे पत्र.

पेटी आपली असल्यामुळे आणखी एक जमले. मी येण्याआधी आईजवळ घंटी वाजेल. तिने बटण दाबले तरच चित्र सुरू होईल. पण मामा, ती पुन्हा पडली तर बटण कोण दाबणार? हे मनातून जात नाही. टॉवेलखालून तरी मला काय दिसत होते, अशी स्वतःची समजूत घालते.

आईला न विचारता कॅमेरा लावला म्हणून रागावला असाल, तरी माया असू द्या.
प्रतिक्षा

मोहाडी, ता. ५ मार्च

चि. प्रतिक्षा हिस अ. उ. आ.

पेटी बसवली. बटण हाती आल्यावर टॉवेल तुझ्या आईनेच काढला. किल्ली टंकताना चारदा चुकलो. माझ्या विद्यार्थ्यांना कळवू नये.

काल संध्याकाळी घंटी वाजली तेव्हा मी तिथेच होतो. आईने बटण दाबले नाही. भाजी निवडत राहिली, नजर मात्र चित्र सुरू झाले की लागणाऱ्या कॅमेऱ्याच्या दिव्यावर. खरे सांगतो, मला वाटले तू बटणाविनाही डोकावशीलच. रस्ता बांधणाऱ्याला आडवाट ठाऊक असते. दिवा लागला नाही. उत्तराविना तुझी पुढची दहा मिनिटे कशी गेली असतील हे मी जाणतो. ती बरी आहे असे फोन करून सांगणार होतो, तिने हात धरला.

पुन्हा घंटी वाजली. तिने पदर सारखा केला आणि बटण दाबले. पुढचे तू पाहिलेस.

तुमचे बोलणे झाल्यावर तिने उरलेली भाजी निवडून संपवली. मग तुला लिही म्हणाली. तिच्याच शब्दांत लिहितो, सुधारणा केलेली नाही: पोरगी दारात थांबली. आता तिले सांग, तीनदा आवाज दे. तरी मी बोलली नाई, त न विचारता आत ये.

तुझा,
मामा