पळण्याआधीची फुगडी

बाई,

परवा अकोल्याच्या भरतीच्या मैदानाबाहेर, जाळीला नाक लावून मी थेट तुमच्यासारखी ओरडले आणि माझाच आवाज ऐकून दचकले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज माझ्या गळ्यात शाबूत आहे म्हणायचा!

चांदूर रेल्वेच्या शाळेत तुम्ही आमच्या पीटीच्या बाई. पळण्याआधी अंग गरम झालंच पाहिजे, हा तुमचा हट्ट. पण पाय ताणायला, गुडघे उचलायला आम्ही पोरी काही तयार नाही. अंगात स्कर्ट आणि समोर भिंतीवर बसलेले पोट्टे खीखी करून राहिलेले. तुम्ही आमच्याकडे बघता, भिंतीकडे बघता आणि म्हणता, "घाला फुगड्या!" फुगडीला कोण हसणार? आधी हळूहळू, थोडी उजवीकडून, थोडी डावीकडून, म्हणजे चक्कर येत नाही. मग बसफुगडी. मांड्या अशा पेटायच्या की थंडी कुठल्या कुठे जायची. मग थोडं चालायचं, टाचा उचलायच्या आणि त्यानंतरच तुमची शिट्टी. एकदा मी घाईनं तशीच सुटले, तर दंड धरून परत आणलंत. "थंड्या अंगानं पळशीन तं पाय हातात घेऊन घरी जाशीन, समजलं का व?" काय राग आला होता मला तुमचा!

आता माझी पोरगी पोलीस भरतीच्या मागे लागली आहे. मागच्या खेपेला रांगेत बसून बसून आखडलेली ती तशीच पळायला उठली आणि अर्ध्या फेरीत मांडी धरून खाली बसली. स्नायू ताणला होता. तो बरा व्हायला कितीतरी महिने लागले, आणि भीती तर गेलीच नाही. जिना चढतानाही हात मांडीवर. यंदा शेवटची संधी, पुढच्या वेळी ती वयात बसत नाही. परवा सकाळी ही कडाक्याची थंडी. छातीवर नंबर लावून पोरी रांगेत बसलेल्या, इकडेतिकडे पळायला जागाच नाही. तिच्या गटाला उठवलं, तसा तिचा हात पुन्हा मांडीवर गेलेला मला जाळीतून दिसला. आणि मी ओरडले, "फुगडी घाल व! उभ्या जागी घाल!"

ती लाजेनं अर्धी झाली. "आई, काहून ओरडून राहिली?" पण शेजारी तेल्हाऱ्याची एक पोरगी होती, तिनं हात पुढे केले. "चाल न व, मले बी थंडी वाजून राहिली." झालं! दोघी फिरल्या, मग चौघी, मग अख्खी रांग. बंदोबस्तावरची पोलीसबाई धावत आली, "हे काय लग्नघर हाये काय?" म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. मी जाळीतून हुकूम सोडतेय : आता डावीकडून, आता बसून, आता जागच्या जागी चाला. लोक बघत होते, बघू देत!

पळाली हो, बाई! शेवटच्या वळणावर तिनं पाय असा मोकळा टाकला की मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. ती फाटकातून बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नाही, मांडीकडेच बघत होते. "पाय कसा हाये?" म्हटलं. तर धापा टाकत मलाच विचारते, "कोणता?"

निकाल अजून लागायचा आहे. हा कागद तुमच्यापर्यंत थोडाच पोचणार आहे, म्हणून सांगून टाकते : निकालासाठी आणून ठेवलेले पेढे मी आजच निम्मे संपवलेत.