पाण्यात हाताला लागणारे केस

बाबा,

"केस बांध पयले, मंग समोर ये."

मी सात-आठ वर्षांची असेन. न्हाऊन ओल्या केसांनी तुमच्या गळ्यात पडायला धावत आले, आणि तुम्ही हात पुढे करून मला लांबच थांबवलंत. आज पंचेचाळिशीतही मोकळ्या केसांनी मी कुणासमोर जात नाही.

तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. आज लिहितेय, कारण गेल्या महिन्यात त्या वाक्याचं कारण कळलं, आणि आज सकाळी मनावरचं उरलंसुरलं ओझंही उतरलं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. आग लागते, अपघात होतो, कुणी बुडतं, तिथे जे आधी धावतात त्यांच्या मनाचं पुढे काय होतं, याचा त्या अभ्यास करतात. आपल्या धाकट्या दिनूला भेटायला आल्या. तलावात कुणी बुडालं की आता पोलीस त्यालाच बोलावतात, पूर्वी तुम्हाला बोलवायचे तसं. सौंदडचा तलाव असो की गोरेगावचा, निरोप आला की ढिवरानेच जायचं. जसं काही मासे काढणं आणि माणसं काढणं एकच!

दिनू आधी उखडलाच. "मी का पागल आहो? कायले विचारून राहिल्या?"

"झोप लागते का, एवढंच विचारलं."

"लागते ना. डोळे उघडे ठेवून."

आम्ही हसलो. तो हसला नाही. मग खाली बघत बोलू लागला. "तलावाचं पानी गढूळ राहते, म्याडम. काही दिसत नाही. हातानंच चाचपडा लागते. बाईमाणूस असली का पयले हाताले केसच लागते. मंग घरी माही पोरगी न्हाऊन येते, तिचे ओले केस अंगाले लागले का मी तिले ढकलून देतो. माह्या जिवाची पोरगी आहे जी ते."

माय हातातलं सूप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "अगा, तुह्या बापाचं बी असंच होतं ना!"

बाबा! म्हणजे तुम्ही मला नव्हतं, त्या ओल्या केसांना थांबवलंत?

इतकी वर्षं मला वाटायचं, पहिली मुलगीच झाले म्हणून मी तुम्हाला नकोशी. दहावीनंतर रागाने केस कापून आले, तेव्हा गावभर चर्चा झाली. तुम्ही रागावला नाहीत. उलट त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन जेवलात, आपल्या ताटातले झिंगे माझ्या ताटात टाकलेत. मला वाटलं, मुलासारखी दिसले म्हणून आवडले!

एकदा तरी सांगायचं होतंत हो. मायला तरी. तिने तुम्हाला पुजाऱ्यापुढे बसवलं, तुमच्यावरून लिंबू उतरवले, आणि तुम्ही मुकाट बसलात. पण कुणी नीट विचारलंही नाही, हेही खरंच.

मॅडमनी समजावलं, हा आजार आहे, याला औषध आहे, शिवाय डॉक्टरांशी बोलत राहावं लागतं. माय म्हणाली, "बोलाचं का? एवढा तर हा लग्नाच्या वक्ती बी नोता बोलला!" तेव्हा कुठे दिनू हसला.

गोंदियाला डॉक्टरांकडे त्याच्या फेऱ्या सुरू आहेत. आज सकाळी त्याची छोटी न्हाऊन आली आणि थेट त्याच्या मांडीवर बसली. केसांचं पाणी दिनूच्या हातावर ओघळत होतं, मी बघत होते. पण त्याने तो तिच्या डोक्यावरून काढला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, बाबा. आनंदाने.

आताच म्हणू लागलाय, "झालो ना बरा, काऊन जायचं?" पण डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत मी त्याला नेत राहीन. शब्द देते तुम्हाला.

आणि एक मागू? तिकडेही एखादा तलाव असेल. कुणी बुडालं म्हणून हाका मारत येतील. या वेळी उठू नका. दुसरं कुणी जाईल. तुम्ही बसून राहा.

नाही ऐकणार तुम्ही. सदरा काढून केव्हाच काठावर पोचला असाल.

तुमचीच,
थोरली सुमन