तेलाचा हात

बाबा, यंदा खंडेनवमीला मी दुकानात ओरडले. तुम्ही गेल्यापासून स्वारगेटमागचं आपलं वेल्डिंगचं दुकान मीच चालवते, पण इतक्या जोरात कधी ओरडले नव्हते. यंदाच आलेले वेल्डरकाका, वयानं तुमच्याएवढे, पूजेआधी सगळी हत्यारं तेलाच्या फडक्यानं पुसत होते. पकडी झाल्या, ग्राइंडर झाला, आणि फडकं निघालं ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे. व्हॉल्व्ह घट्ट फिरतो, तेवढंच तेल लागेल म्हणून. "हात मागे!" मी म्हटलं.

लहानपणी हेच दोन शब्द तुम्ही मला ऐकवले होते. नवा परकर घालून मी ताट घेऊन उभी आहे, कुंकू तेलात कालवलेलं. एकेका यंत्राला टिळा लावत सिलिंडरपाशी येते, बोट व्हॉल्व्हला टेकणार तोच तुम्ही मनगट धरता. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर! मी भोकाड पसरते. समजूत काढणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. तुम्ही साबणानं माझे हात धुता आणि सांगता, "आत ऑक्सिजन दाबून भरलाय. तेल लागलं तर काडीशिवाय भडकेल. भक्तिभाव देवाला कळतो, ऑक्सिजनला नाही." मग सिलिंडर भिंतीला बांधून ठेवणाऱ्या साखळीला माझ्याकडून टिळा लावून घेता.

"अहो ताई, सणासुदीला एवढं?" काकांचा चेहरा उतरला होता. मला धास्ती वेगळीच होती. हे माझ्यासमोर मान डोलावतील आणि माझ्यामागे तेल घालतील, मग एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून मी सगळं सांगितलं, भोकाडासकट. काकांनी हात साबणानं धुतले, हुंगून पाहिले आणि विचारलं, "आता शिवू, का सोवळं नेसून येऊ?" मग साखळीला टिळा त्यांनीच लावला. घट्ट व्हॉल्व्हचा सिलिंडर आम्ही बाजूला काढून एजन्सीला परत पाठवला. परवा मी बाहेरून येत होते, तर काका दुसऱ्या कामगारावर खेकसत होते, "तेलाचा हात? आधी धुऊन ये!" मी दारातच थांबले. फार बरं वाटलं, बाबा.

हे पत्र पाठवायचं कुठे? राहील ड्रॉवरमध्ये. पण एक सांगते. तुमचा आवाज मी विसरत चालले होते. त्या दिवशी तो माझ्याच घशातून आला आणि मला रडू फुटलं. काकांना म्हटलं, उदबत्तीचा धूर गेला डोळ्यांत. आपण उदबत्ती दुकानाबाहेर लावतो, हे त्यांना तोवर ठाऊक झालं होतं.