तीन भिंतींचं घर

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, मामींचा खोकला थांबला असेल आणि माझ्यावरचा तुमचा राग निवळला असेल, अशी आशा करतो. (तिसऱ्याची खात्री नाही, पण पत्राच्या सुरुवातीला आशा करायला काय जातं?) इकडे आम्ही खुशाल आहोत. निदान वीस तारखेपर्यंत खुशाल आहोत.

घर बघायला तुम्ही आला होतात, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या पूर्वेच्या भिंतीवर टकटक करून "ही भिंत कोणाची?" असं विचारलंत, आणि आम्ही दोघं हसलो होतो. वय झालं की माणसं भिंतींचेही वारस शोधतात, असं नंतर तुमची भाचेसून म्हणाली. (मी नुसती मान हलवली.) आम्हाला तेव्हा या वस्तीचं वेड लागलं होतं. वस्ती बदलतेय आणि बदलत्या वस्तीत जो आधी शिरतो तोच शहाणा, हे एजंटनं आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. बदलतेय हे खरंच. कोपऱ्यावरच्या जुन्या गोदामात कॉफीचं दुकान निघालंय आणि त्यांनी भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून आतल्या विटा उघड्या केल्यात. लोक त्या विटांपुढे उभं राहून फोटो काढतात. आमच्याकडे तोच गिलावा आपोआप पडतो, पण फोटो काढायला कोणी फिरकत नाही.

आता शेजार. आमच्या भिंतीला लागून ग्रिलवाल्याचा कारखाना आहे. खिडक्यांचे गज, फाटकं, जिन्यांचे कठडे, सगळं तो तिथे बनवतो. राहायला आलो त्या दिवशी आमचं दार फुगून चौकटीत अडकलं, तेव्हा हाच माणूस न बोलावता पहार घेऊन आला, दार सोडवलं आणि चहाही न घेता गेला. पुढचे दोन आठवडे आम्ही येईल त्याला सांगत होतो, शेजार बघा कसा अस्सल आहे. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की अस्सल माणूस सकाळी आठलाच हातोडा मारायला लागतो. मग नव्यानं आलेल्या आम्हा सात घरांचं मंडळ निघालं, कॉफीच्या दुकानात बैठक झाली, आणि 'सदर इसम लोखंडावर अकारण प्रहार करतात' असा अर्ज पालिकेत गेला. (सातांपैकी पाच घरांच्या खिडक्यांना त्याच लोखंडाचे गज आहेत, पण तो विषय बैठकीत निघाला नाही.) कॉफीवाल्यानं तर सही करता करता विचारून ठेवलं, कारखाना उठला की ती ऐरण मिळेल का, काउंटरवर छान दिसेल.

आमच्या गल्लीचं तुंबलेलं गटार पालिकेला कित्येक वर्षांत दिसलं नाही, पण हा अर्ज तिनं आठ दिवसांत वाचला. ग्रिलवाल्याला नोटीस गेली. तो भांडला नाही, वीस तारखेला सगळं पाडून जागा मोकळी करतो, एवढंच म्हणाला. आम्हाला आनंदाचं भरतं आलं. आता पूर्वेला उजेड येणार म्हणून सौ.नं तिकडे मोठी खिडकी काढायचं ठरवलं आणि गवंडी बोलावला. घर दाखवताना एजंटनं ज्याचं कौतुक केलं होतं ते बाहेरच्या खोलीचं खोटं छत त्यानं उचकटलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. मग खाली उतरला, थापी आणि ओळंबा पिशवीत भरला आणि म्हणाला, "साहेब, पुढचं आपण रस्त्यावर उभं राहून बोलू."

मामा, आमच्या पाचही तुळया ग्रिलवाल्याच्या भिंतीवर टेकलेल्या आहेत. त्याच्या आज्यानं आमच्या घराच्या पहिल्या मालकाला त्या नुसत्या शब्दावर टेकवू दिल्या होत्या. खरेदीखत काढलं. चतुःसीमेत स्वच्छ लिहिलंय, पूर्वेस शेजाऱ्याची भिंत. वकिलांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, पण तेव्हा आम्ही पडद्यांचा रंग ठरवत होतो. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. आम्ही स्वतःच्या डोक्यावर छप्पर पडावं म्हणून रीतसर अर्ज केला, आणि त्याची पोचही घेतली. मला लाज वाटते, मामा, आणि त्याहून जास्त भीती वाटते. या घराखेरीज आम्हाला दुसरं घर नाही.

शेवटी ग्रिलवाल्याकडे गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, नोटिशीला जोडलेली अर्जाची प्रत काढली आणि म्हणाला, "ज्यानं हे लिहिलं त्यानं माझ्या दारात येऊन चुकलं म्हणावं. भिंत राहील."

मामींना नमस्कार सांगा. लोभ असू द्या म्हणणार होतो, पण ते खालचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुमचा,
भाचा

ता. क. अठरा तारखेला इकडे येता येईल का? सकाळची गाडी सोयीची पडते.

ता. क. दुसरा. तुम्हीच का, तर अर्जावर पहिली सही तुमची आहे. ('घरमालकाचे मामा व ज्येष्ठ नागरिक.') रोज तोंड दिसणाऱ्या शेजाऱ्याशी वाकडं कशाला, तुम्ही आपले दोनशे मैल लांब, असा विचार केला. सही हुबेहूब जमली आहे, खालच्या दोन टिंबांसकट. सौ. म्हणते, मामांना कशाला, तुम्हीच जा आणि खरं सांगा. तिला बोलायला काय जातं? तिनं तिच्या आईची सही केली आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ग्रिलवालाच दारात आला. मामा स्वतः येऊन माफी मागतील, असं मी त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "मामांना कशाला दगदग? फाटकाचं माप तुम्ही मला लिहून दिलं होतं ना, त्याच अक्षरात हा अर्ज आहे." तेव्हापासून मी तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोलून परत आलो. तेव्हा मामा, तुम्ही याच. माफी मागू नका. फक्त माझा कान धरा आणि मला त्याच्या दारात नेऊन उभं करा.