करवतीची जाळी

प्रिय दादा,

हे सातवं पत्र. आधीची सहा हत्यारांच्या पेटीत पडून आहेत.

रुंद फळी अडत होती म्हणून यंत्राच्या करवतीवरची संरक्षक जाळी मीच काढली. परत बसवायची राहिली आणि मिस्त्रींचा जीव गेला. तू पोलिसांना म्हणालास, "जाळी मी काढली." मी चकार शब्द काढला नाही. तुला तुरुंगवास झाला.

ख्रिस्ताने आपल्या सगळ्यांची शिक्षा स्वतःवर घेतली, आपण फक्त पाप कबूल करायचं, असं पाळक सांगतात. मी नंदीबैलासारखी मान डोलावतो. आत काहीच हलत नाही.

काल चर्चमध्ये मिस्त्रींची बायको उभी राहिली. तुझं नाव घेऊन म्हणाली, "मी त्याला माफ केलंय." सगळे रडले. सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' मी म्हणालो.

तुझा,
धाकटा